गोळी दुधाबरोबर नाही

फार्माकॉलॉजीच्या पहिल्याच तोंडी परीक्षेत प्राजक्ताने एका दमात सांगून टाकलं, "अटेनोलॉल, पन्नास मिलिग्रॅम, दिवसातून एकदा." आठवडाभर घोकलेलं होतं ते. समोर बसल्या होत्या जोंधळे मॅडम. त्यांनी कागदावरून मानसुद्धा वर केली नाही. नुसतं विचारलं, "कुणाला?"

"पेशंटला, मॅडम."

"कोण पेशंट? नाव काय त्याचं?"

"नाव प्रश्नात दिलं नव्हतं, मॅडम."

"मग ठेव गोळी परत बाटलीत. नाव नसलेल्या माणसाला मी औषध देत नसते."

प्राजक्ता रडकुंडीला येऊन बाहेर आली आणि माझ्या कानात कुजबुजली, "वाट लागली. पेशंटचं नाव विचारतात." पुढचा नंबर माझा. मी उंबऱ्यावर उभ्या उभ्या घाईघाईने एक पेशंट जन्माला घातला. घातला कसला, माझा सख्खा काकाच उभा केला. मुरलीधर म्हात्रे, मुक्काम नावडे, बीपीचा त्रास. मॅडमनी मान वर केली. "गोळी वेळेवर घेतो का काका?" मी म्हटलं, "भजनाला गेला की विसरतो." तर म्हणाल्या, "मग भजनाला निघायच्या आधी दे. टाळ काढून ठेवतो तिथंच गोळी ठेव." एवढ्यावर मी पास.

हे असं शिक्षण. बी. फार्म. म्हणजे चार वर्षांची औषधांची डिग्री, आणि आमच्या घरी सगळ्यांची समजूत एकच, की पोरगी मेडिकल टाकणार. फार्माकॉलॉजी म्हणजे नक्की काय, ते मला घरी कधी समजावून सांगता आलं नाही. मॅडम मात्र पहिल्या दिवशी साध्या भाषेत सांगून मोकळ्या झाल्या होत्या. "बाकीचे सर तुम्हाला औषध कसं बनवायचं ते शिकवतील. मी ते माणसात गेल्यावर पुढं काय होतं ते शिकवणार. तेव्हा माणूस आधी आणा, मग औषध."

कॉलेज खारघरच्या पलीकडे, तळोज्याच्या अलीकडे. दुपारनंतर वारा फिरला की कारखान्यांचा वास सरळ वर्गात घुसायचा. सीवूड्स-नेरूळकडून येणारी पोरं नाकाला रुमाल लावायची. मी नावड्याची, मला त्या वासाचं काय कौतुक? मॅडम खिडकी लावू द्यायच्या नाहीत. "तिथं आपल्याच गोळ्या बनतात. आधी वास घ्या, मग नफ्यातोट्याची नोकरी करा," म्हणायच्या. मूळच्या परभणीकडच्या. इतकी वर्षं नवी मुंबईत काढून, डॉक्टरेट करून, इंग्रजीत पेपर लिहूनसुद्धा 'का' म्हणायच्या जागी त्यांच्या तोंडून 'कामून'च यायचं. वर्गातली शहाणी पोरं त्यावरून मागे नक्कल करायची. मॅडमना ते ऐकू जायचं, मला खात्री आहे. त्या वळून म्हणायच्या, "नक्कल बरी करतोस. बीपीला बीटा ब्लॉकर कामून देतात ते सांग आता."

सिद्धेश नावाचा एक पोरगा होता आमच्यात. हुशार, पण मस्तीखोर. त्याने एकदा सगळ्या वर्गासमोर घेतलेल्या तोंडी परीक्षेत पेशंट म्हणून एक काल्पनिक सिनेमाचा हिरो आणला. नाव विकी, वय पस्तीस, छातीत धडधडतं, लहानपणापासून दमा. वर्ग खिदळला. सिद्धेशने ऐटीत सांगितलं, "प्रोप्रानोलॉल देतो, मॅडम." झालं. ती गोळी दम्याच्या माणसाला द्यायची नसते. श्वासनळ्या आवळतात, जीव गुदमरतो. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मेला विकी. तुझ्या हातून मेला. आता बाहेर त्याची बायको उभी आहे. जा, तिला सांग."

आम्हाला वाटलं, गंमत. पण मॅडमनी खरोखरच प्राजक्ताला व्हरांड्यात नेऊन उभं केलं. म्हणाल्या, "तू बायको." सिद्धेश हसत हसत बाहेर गेला. म्हणाला, "वहिनी, तुमचे मिस्टर..." आणि पुढे त्याला शब्दच सुचेना. प्राजक्ताचं तोंड उतरलेलं. ती खरंच वाट बघतेय असं उभी होती बिचारी. सिद्धेशच्या डोळ्यांत पाणी आलं. तो परत आत आला तेव्हा मॅडमनी त्याच्यापुढे स्वतःची पाण्याची बाटली सरकवली आणि म्हणाल्या, "आता या आयुष्यात तू ही चूक करणार नाहीस." त्याला मार्क मात्र एकही दिला नाही.

दुधाची गोष्ट तर त्या प्रत्येक बॅचला सांगायच्या. सातवीत असताना त्यांना ताप आला होता, उतरेचना. तालुक्याच्या डॉक्टरने कॅप्सूल दिल्या. आईला काळजी, की उपाशी पोटी गोळी गरम पडेल. म्हणून ती माउली शेजारच्या घरून पेलाभर दूध मागून आणायची आणि प्रत्येक कॅप्सूल दुधाबरोबर द्यायची. घरात स्वतःची म्हैस नाही, दुसऱ्याच्या शेतावर मजुरी, तरी दूध चुकवलं नाही. ती कॅप्सूल नेमकी टेट्रासायक्लिनची. दुधातलं कॅल्शियम तिला धरून ठेवतं, अंगात जाऊच देत नाही. ताप आपला आहे तिथेच. "माझ्या आईच्या मायेनं माझा ताप लांबवला," मॅडम हसून सांगायच्या. "कॉलेजात आल्यावर हे वाचलं आणि वर्गातच रडले मी. त्या दिवशी ठरवलं, हाच विषय घ्यायचा." मग फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायच्या: गोळी दुधाबरोबर नाही. दुधाबरोबर चालणारी औषधं चिक्कार असतात, ते त्यांनाही ठाऊक होतं. पण सरसकट "दुधाबरोबर घ्या" म्हणणाऱ्या पोराला त्या उभं करायच्या आणि विचारायच्या, "कोणती गोळी? कुणाला? कामून?"

आता सरळ सांगूनच टाकते, झाकून ठेवायला मी काही कॉलेजची ट्रस्टी नाही. मॅडमना पार्किन्सन होता. आम्हाला शिकवायला लागायच्या आधीपासून. डावा हात कापायचा म्हणून तो सदानकदा अ‍ॅप्रनच्या खिशात. चेहऱ्यावर हसू उशिरा यायचं, म्हणून पोरांना त्या खडूस वाटायच्या. कॉलेजात त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. कारण सांगितलं असतं तर आधी प्रॅक्टिकल गेलं असतं, मग तास. प्रायव्हेट कॉलेज आहे बाबा, तिथे आजारी माणसाला खुर्ची देतात ती दाराबाहेर. मॅडमनी लग्न केलं नव्हतं, घरी फक्त म्हातारी आई. त्यांचं सगळं होतं ते त्या लॅबमध्ये. त्यांना एकच गोष्ट हवी होती, निवृत्त होईपर्यंत शिकवायचं आणि उभं राहून शिकवायचं. हे सगळं मला नंतर कळलं, बरंचसं त्यांच्याच तोंडून.

आणि गंमत बघा, लपवायला त्यांनी जे जे केलं ते आमच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. तास दहाचा असेल तर सव्वानऊला त्या स्टाफरूममध्ये एकट्या बसून गोळी घ्यायच्या, नुसत्या पाण्याबरोबर. गोळी चढली की तास सुरू. दुपारच्या डब्यात भाकरी आणि एखादी पालेभाजी, नाहीतर भोपळा. वरण नाही, दही नाही, अंडं नाही. कारण दूध, डाळ, अंडं, पनीर यांतली प्रथिनं आणि ही गोळी शरीरात एकाच दारातून आत जातात. प्रथिनांची गर्दी झाली की गोळी बाहेर ताटकळत बसते. म्हणून वरण-बिरण जे काय ते रात्री, घरी गेल्यावर. आम्ही आपले म्हणायचो, मॅडम कंजूष आहेत. प्राजक्ताचं म्हणणं, डाएट.

लॅबच्या फरशीवर दारापासून फळ्यापर्यंत पांढऱ्या चिकटपट्टीचे आडवे तुकडे लावलेले होते, शिडीच्या पायऱ्यांसारखे. आम्हाला वाटायचं, टेबलं लावायच्या खुणा असतील. या आजारात माणूस चालता चालता मध्येच थिजतो, पाय जमिनीला चिकटून बसतात. समोर ओलांडायला एखादी रेघ दिसली की मात्र पाय उचलतो. का ते पुरतं कुणालाच माहीत नाही. मॅडम त्या पट्ट्या ओलांडत फळ्यापाशी जायच्या. पुढे मेट्रो सुरू झाली तेव्हा बेलापूरहून मेट्रोने यायला लागल्या. पहिल्याच दिवशी वर्गात म्हणाल्या, "फलाटावर काय सुंदर पिवळी पट्टी आहे!" आम्ही एकमेकींकडे बघितलं. पट्टीचं कसलं सौंदर्य, बाई?

दुसऱ्या वर्षाला पार्किन्सनचा धडा आला. त्या दिवशी मॅडमनी फळ्यावर औषधाचं नाव लिहिलं, लिव्होडोपा, आणि आमच्या आधी स्वतःच विचारलं, "कुणाला?" मग स्वतःच उत्तर दिलं. "एक बाई आहे. वय पन्नाशीच्या पुढं. शिक्षिका. तिला रोज उभं राहून शिकवायचंय."

मग त्या सांगत गेल्या. पहिली काही वर्षं ही गोळी बाईला जवळजवळ होती तशी करते. बाईला वाटतं, सुटले. मग हळूहळू गोळीचा असर आखडत जातो. आधी दुपारपर्यंत टिकायची, मग जेवणापर्यंत, मग एका तासाला पुरेल एवढीच. गोळ्या कमी कमी अंतराने घ्याव्या लागतात. जेवणात काय, कधी, सगळं बघावं लागतं. थिजली तर तिच्यासमोर जमिनीवर रेघ ओढायची. "हे पुस्तकात मिळणार नाही, लिहून घ्या," म्हणाल्या. आम्ही लिहून घेतलं. खाली मान घालून, शब्दन् शब्द. वर कुणी बघितलंच नाही.

सिद्धेशने हात वर केला. "मॅडम, पुढे काय होतं तिचं?"

मॅडमनी खडू ठेवला. "पुढचं सिलॅबसमध्ये नाही," म्हणाल्या. वर्ग हसला. मीही हसले.

शेवटच्या वर्षी कॉलेज तपासायला कमिटी यायची होती. तुम्ही कधी अशा तपासणीच्या आधीचं कॉलेज बघितलं असेल तर तुम्हाला कळेल. लग्नघर परवडलं. भिंती रंगवल्या, कुंड्या आणल्या, कधी न उघडलेली कपाटं पुसली. प्राचार्यांना मॅडमच्या चालीवरून काहीतरी संशय आलेला होता. ते म्हणाले, "प्रॅक्टिकल या वेळी नवीन सरांना दाखवू द्या. तुम्ही आराम करा, मॅडम." आराम हा शब्द मॅडमना शिवीसारखा लागला असणार. म्हणाल्या, "लॅब मी उभी केली आहे. मीच दाखवणार." प्राचार्य म्हणाले, "बघा बुवा. काही कमी-जास्त झालं तर मला विचार करावा लागेल." म्हणजे डाव काय होता ते स्पष्ट होतं. नीट पार पडलं तर लॅब मॅडमची, नाहीतर गेली.

प्रॅक्टिकल होतं बेडकाच्या हृदयाचं. आता खरे बेडूक कापत नाहीत, सगळं संगणकावर. पडद्यावर बेडकाचं हृदय उडतं, आपण औषध टाकायचं आणि ठोके बघायचे. मॅडमनी त्या पडद्यावरच्या बेडकालासुद्धा नाव दिलं होतं, बबन. "अ‍ॅड्रेनालिन कुणाला?" असं विचारलं की अख्खी बॅच ओरडायची, "बबनला, मॅडम!" हे कमिटीसमोर करायचं की नाही यावर आमची दोन दिवस चर्चा चालली होती.

कमिटी दुपारी दोनला येणार होती आणि नेमका त्या दिवशी मॅडमचा वाढदिवस. प्राजक्ताने सगळ्यांना कामाला लावलं. माझी नेमणूक गेटवर, रांगोळी आणि पुष्पगुच्छ सांभाळायला. बाकीच्यांनी जेवणाच्या सुट्टीत मॅडमना वर्गात गाठलं. प्राजक्ताच्या आईने घरून पनीर टिक्का करून पाठवला होता, कुणी बासुंदी आणली होती. आपल्याकडे वाढदिवस म्हणजे काय ते माहीत आहे ना? नुसता केक कापून भागत नाही. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एकेक घास भरवायचा. मॅडम आधी नको नको म्हणाल्या. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तुम्ही आमच्या हातचं कधीच काही खात नाही." हे वाक्य मॅडमना लागलं असावं. ज्या घरातून त्या आल्या होत्या तिथे 'हातचं खात नाही' या शब्दांना फार जुनी, फार वाईट किंमत होती. त्या बसल्या. एकेकाचा घास घेत गेल्या. पोरं खूष. सगळी फार्मसीची पोरं, प्रथिनं आणि लिव्होडोपाचं उत्तर परीक्षेत लिहून आलेली, आणि प्रत्येकाच्या हातात पनीर.

दोन वाजता कमिटी आली. मी त्यांना घेऊन वर गेले तेव्हा मॅडम व्हरांड्यातून लॅबकडेच येत होत्या. चाल जड होती. कमिटी आत गेली, मॅडम दाराशी आल्या आणि थांबल्या. मी आत बघितलं. फरशी लखलखत होती. पट्ट्या नव्हत्या. तपासणीसाठी घासून घासून सगळ्या काढून टाकलेल्या.

मॅडम उंबऱ्यावर उभ्या. पाऊल उचलेना. उजवा पाय जागच्या जागी थरथरत होता. कमिटीतले एक वयस्कर सर अदबीने म्हणाले, "या ना मॅडम, आपलीच वाट बघतोय." प्राचार्य हसले, तेच ते गुळमुळीत हसू. कुणीतरी मागे खुसपुसलं. मला वाटत होतं पुढे जाऊन हात धरावा, पण माझ्या दोन्ही हातांत ते मेले पुष्पगुच्छ.

तेवढ्यात सिद्धेश पुढे झाला. आम्हा सगळ्यांत फक्त त्याला कळलं. फळ्यापाशी गेला, खडू घेतला आणि मॅडमच्या पायासमोर खाली बसून फरशीवर सरळ एक आडवी रेघ ओढली. पुढे दुसरी, मग तिसरी. मॅडमनी रेघेकडे बघितलं. पाय उचलला. एक रेघ ओलांडली, दुसरी ओलांडली, फळ्यापर्यंत पोचल्या. प्रॅक्टिकलही झालं. आवाज बारीक, हात खिशात, पण झालं. बबनचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही.

आम्हाला वाटलं, सिद्धेशने वाचवलं. त्या संध्याकाळी आम्ही त्याला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. पण कमिटीतले ते वयस्कर सर स्वतः फार्माकॉलॉजीचे. पहिली रेघ ओढताक्षणी त्यांना सगळं समजलं होतं. जाता जाता त्यांनी प्राचार्यांना बाजूला घेऊन फार सहानुभूतीने सांगितलं, की मॅडमची काळजी घ्या, त्यांना आता उभं राहण्याचं काम देऊ नका. चांगलाच माणूस होता. आठवड्याच्या आत मॅडमना ग्रंथालयाच्या शेजारच्या खोलीत टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, आणि विद्यार्थ्यांची हजेरी तपासायचं काम. लॅब नवीन सरांकडे.

सिद्धेश त्यांना भेटायला गेला तेव्हा मीही सोबत होते. त्याचं तोंड एवढंसं झालेलं. मॅडमनी त्याला समोर बसवलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रेघ कामून ओढलीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही शिकवलं होतं, मॅडम."

"हां. उत्तर बरोबर होतं तुझं. पूर्ण मार्क." मग म्हणाल्या, "पण मी तिथं पाच मिनिटं उभी राहिले असते, चक्कर आली म्हणाले असते, तर कुणी काही म्हटलं नसतं. रोग कोणता ते तू सगळ्यांसमोर फरशीवर लिहून दाखवलंस."

मॅडमनी खिशातला हात बाहेर काढला. आता लपवायला काय राहिलं होतं? तो कापणारा हात त्यांनी त्याच्या डोक्यावर ठेवला. "टेन्शन नको घेऊ," म्हणाल्या. "तुला कळलं तरी. बाकीच्यांनी पनीर भरवलं." आणि हसल्या. प्राजक्ताला हे मी आजवर सांगितलेलं नाही.

त्या टेबलावर मॅडम फार टिकल्या नाहीत. आमची शेवटची परीक्षा झाली त्याच सुमारास त्यांनी राजीनामा दिला. निरोपसमारंभ नको म्हणाल्या.

मी आता द्रोणागिरीला एका औषधांच्या गोदामात आहे. बंदरातून माल येतो, बंदरातून जातो. छतापर्यंत खोकीच खोकी, लाखांनी गोळ्या, आणि पेशंट म्हणाल तर एकही नाही. कधी कधी खोक्यावरचं लेबल वाचताना माझ्याच मनात येतं, कुणाला? तिथे विचारणार कुणाला, फोर्कलिफ्टवाल्याला? एका सुट्टीच्या दिवशी फारच बेचैन झाले आणि सरळ बेलापूरला गेले. निघताना आई म्हणाली, "म्याडमला इचार गो, बरी हाय का." तिच्यासाठी तेवढंच सोपं होतं ते.

दार मॅडमच्या आईने उघडलं. ऐंशीच्या घरातली, वाकलेली, पण हातपाय चालते. "जय भीम माय, ये की आत. सुमीची लेकरं फार येत न्हाईत आता," म्हणाली. हॉलमध्ये बुद्धाची तसबीर, खाली खुर्चीत मॅडम. किती बारीक झाल्या होत्या! चेहरा हलत नव्हता, फक्त डोळे. आवाज इतका खोल की कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागला. "म्हात्रे," म्हणाल्या. ओळखलं. मग बऱ्याच वेळाने, "काका गोळी घेतो ना?" मला रडू आवरेना. मी म्हटलं, "घेतो मॅडम. टाळांशेजारीच ठेवतो."

तेवढ्यात आजी आतून आली. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पेला. पेल्यात दूध, वरती साय. मी ताडकन उठले. "आजी, अहो ही गोळी दुधाबरोबर..."

मॅडमची बोटं खुर्चीच्या हातावर हलली. थांब, अशी. डोळे माझ्यावर रोखलेले. मी गप्प बसले. आजी म्हणाली, "आ कर, सुमे. उपाशी पोटी गोळी गरम पडती." मॅडमनी तोंड उघडलं. गोळी घेतली. आजीने पेला ओठांना लावला, आणि त्या घोट घोट करत सगळं दूध प्यायल्या. हनुवटीवर ओघळलेलं आजीने पदराने पुसलं आणि पेला विसळायला आत गेली.

मी वाकून म्हटलं, "मॅडम, अशाने गोळी चढणार नाही. तुम्हीच शिकवलंय. मी आजींना नीट समजावते, ऐकतील त्या."

"तिला कळलं तर..." त्या थांबल्या, दम खाल्ला. "म्हणेल, लहानपणीपण मीच. आताबी मीच."

"पण मॅडम, तुम्हाला उठता येणार नाही."

मग म्हणाल्या, "आता कुठल्या तासाला जायचंय मला?"

थोडा वेळ मी त्यांचा हात धरून बसले. मग निघाले. दारात चपला घालताना वळून बघितलं तर मॅडम मला सोडायला उठायचा प्रयत्न करत होत्या. दोन्ही हात खुर्चीला, मान पुढे, आणि अंग जागचं हलत नव्हतं. आजी लगबगीने बाहेर आली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बस जरा. आत्ता तर दूध घेतलंस. अंगी लागू दे, मग येईल ताकद."

मॅडम म्हणाल्या, "हो, माय." आणि बसून राहिल्या.